बाविसाव्या सेकंदाला

मास्तर गेले त्याला चार महिने झाले. माझ्या यादीतून त्यांचा नंबर मी अजून काढलेला नाही. दर महिन्याला एका रागाचं ध्वनिमुद्रण एकशे बारा घरी जातं, तसं त्यांच्याही फोनवर जातं. फोन बंद आहे, म्हणून तिथे एकच करडी खूण उमटते आणि तशीच राहते.

माधवनगरचे निवृत्त पोस्टमास्तर. ‘वा’, ‘क्या बात है’ असं त्यांनी कधी लिहिलं नाही. लिहायचे ती नुसती वेळ. ११:०५. २६:४०. त्या जागी त्यांना काहीतरी सापडलं, एवढाच अर्थ. मग मी मुद्रण उघडून ती जागा शोधत बसे. सहा वर्षं माझ्या गाण्याचा हिशेब असा ठेवला गेला आणि माझ्या हिशेबाशी तो क्वचितच जुळला. मारव्यातल्या एका तानेवर मी तीन आठवडे मेहनत घेतली होती. मास्तरांची वेळ पडली ती तान संपल्यावर मी श्वास घेऊन रिषभावर येते तिथे. मला राग यायचा. एकदा तर मी त्यांच्यासाठी मुद्दाम जागा पेरली. गांधारावर असं थांबायचं की त्यांना लिहावंच लागेल. त्या महिन्यात त्यांच्याकडून काहीच आलं नाही.

त्यांचा शेवटचा निरोप यमनावरचा. ०:२२.

त्या मुद्रणात माझा षड्ज लागतो चाळिसाव्या सेकंदाला. बाविसाव्या सेकंदाला मी नाहीच. नुसता तानपुरा आहे.

निरोप वाचून मी दुखावले होते, हे आज कबूल करते. एकसष्टाव्या वर्षी तार षड्जावर पूर्वीसारखं उभं राहता येत नाही, ते जमावं म्हणून मी पहाटे चारला उठते, आणि हा माणूस माझ्या न गाण्याला दाद देतो! आठवडाभर मी उत्तर दिलं नाही. मग द्यायला कोणी उरलं नाही.

ते बावीस सेकंद श्रोत्याच्या घरी पोचवायला मला किती वर्षं लागली, ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. की होतं?

२०२० च्या टाळेबंदीत बैठका बंद पडल्या, तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर गायला बसले. माझ्या कानात तानपुरा भरलेला, समोर पडद्यावर वीस-बावीस चेहरे. पाऊण तास भूप गायले. शेवटी बेळगावच्या एका बाईंनी विचारलं, “ताई, आज तानपुरा नव्हता का?” कॉलचं ते यंत्र एकसारखा चालणारा आवाज पंख्याची घरघर समजून पुसून टाकतं. माझा तानपुरा जितका चांगला जुळलेला, तितका तो यंत्राला जास्त एकसारखा वाटणार, तितका स्वच्छ पुसला जाणार. पाऊण तास मी त्या सगळ्यांपुढे उघडी गात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ द्यायची सोय माझ्या शिष्येने नंतर शोधून काढली. पण गोष्ट तिथे संपत नाही. खर्जाची तार नीट लागली, जवारी मोकळी असली, की तिच्यातून गांधार आपोआप बोलतो. तो कुणी छेडलेला नसतो. आम्हा किराणा घराण्याच्या लोकांचं निम्मं आयुष्य तो ऐकण्यात जातं. गळ्यातला गांधार त्याच्यावर नेऊन ठेवायचा, एवढंच तर शिकायचं असतं. हा गांधार यमन ऐकणाऱ्याच्या कानात माझ्या आधी पोचला पाहिजे. मग मी काय करते ते त्याला कळतं. तो पोचला नाही तर मी केवळ सुरात गाते आहे, इतकंच कळतं.

आणि तो पोचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी निरोपात जवारी कागद चुरगाळल्यासारखी ऐकू येते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. म्हणून मी मोठी फाइल लिंकवरून पाठवते आणि सोबत लिहिते की हेडफोन लावून ऐका, नाहीतर ऐकू नका. माइक भोपळ्याशी ठेवला तर नुसता घुमारा येतो, घोडीशी ठेवला तर नखाचा आवाज तारेच्या आधी येतो. दोन्हींच्या मध्ये हातभर वर एक जागा आहे, पण ती हवेबरोबर सरकते. पावसाळ्यात वेगळी, एप्रिलात वेगळी. जमिनीवर खडूने केलेल्या खुणांनी माझी माडी भरली आहे.

शिष्या म्हणते, “ताई, सुरुवातीचा तानपुरा पाच सेकंदांवर आणू. लोक पुढे ढकलतात.” तिचं चूक नाही. तिच्या वयाच्या गायकांना तसंच वाढवलं जातंय. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की गाणं ऐकलं गेलं असं मोजतात; चाळीस मिनिटांचा ख्याल आणि दोन मिनिटांचं गाणं मोजणीत सारखंच. २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या मुद्रणाला तिथे मोबदला नाही. तीस सेकंदांच्या त्या हिशेबाने माझा यमन षड्ज लागायच्या दहा सेकंद आधीच ऐकून झालेला असतो. आमच्याच भागातला एक तयारीचा गायक आता थेट द्रुतापासून सुरू करतो. त्याला लाखो लोक बघतात. त्याचा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. तानपुरा त्याचा फोनमधला. प्रत्येक आवर्तन हुबेहूब मागच्यासारखं, त्यात गांधार उगवत नाही, छापलेला असतो.

असं बोलले की लोक मिरजेकडे बोट दाखवतात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत गायलंच ना? गायलं. पण ती तीन मिनिटं त्यांची होती. सुई उचलायला माणसाला जागेवरून उठावं लागे.

थेट श्रोत्यांकडे जाण्याची कल्पना माझी नव्हे. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ साली अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स सुरू केलं, तेव्हाच कलाकाराने आपलं संगीत आपल्या हाताने विकावं हा विचार माझ्या मनात रुजला. धीर यायला मला आणखी पंधरा वर्षं लागली. आता वर्षाला बाराशे रुपये वर्गणी, बारा राग, आणि दिवाळीनंतर माडीवर एक बैठक. त्यातून तबलजीचं मानधन निघतं, मिरजेला सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी काढून घेता येते. माझं घर शिकवण्यांवर चालतं.

पण पैशासाठी मी हे करते असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला ती एकशे बारा नावं हवी असतात. फाइल गेली की रात्री मी निळ्या खुणा मोजते. कुणी दोन दिवस उघडली नाही तर त्या घराबद्दल माझ्या मनात अढी बसते. राग निवडताना पुण्याच्या एका डॉक्टरांना काय आवडेल हे डोक्यात येतं, कारण ते लांबलचक लिहितात आणि मला त्यांचं लिहिणं गोड लागतं. समोर न दिसणाऱ्या हजारोंसाठी गाणाऱ्याला निदान हा मोह नसेल. माझ्याकडे पत्ते आहेत, म्हणून मोहही आहे.

मास्तरांनी मात्र मला तसं गोड काही दिलं नाही. गेल्या चार महिन्यांत तो यमन मी किती वेळा लावला असेन. बाविसाव्या सेकंदाला खर्जाची तार तिसऱ्यांदा येते आणि तिच्या शेपटाला गांधार वर येतो, आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा स्पष्ट. एवढंच आहे तिथे. मला तो मुद्रणात आजवर सापडला नव्हता. त्यांना पोस्टातून मिळालेल्या जुन्या हेडफोनवर, माधवनगरच्या खोलीत, सापडला.

या महिन्यात भीमपलास आहे. शिष्येने सुरुवातीला किती सेकंद ठेवायचे विचारलं, मी अजून सांगितलेलं नाही. दुपारपासून तानपुरा घेऊन बसले आहे. पंचम बरोबर आहे, जोड मिळाली आहे. खर्जाखालचा दोरा आणखी केसभर पुढे घ्यायला हवा. गांधार येतोय, पण उशिरा येतोय.