धूर म्हणजे पावर नव्हे

दुरुस्तीवाल्यानं जुनी स्प्रिंग परत दिली नाही, याचा राग अजून जात नाही. 'भंगारात गेली ना भाऊ. कायले पाहिजे तुले ते?' एवढंच म्हणाला.

बंदूक बाबांची. मोडून भरायची, साडेचार मिलिमीटरची छर्ऱ्याची एअरगन. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे या बोअरच्या, वीस जूलपर्यंतच्या बंदुकीला परवाना लागत नाही, त्यामुळे आमच्या झरी जामणीकडे ती बऱ्याच घरांत सापडते. आमच्या बंदुकीच्या पिस्टनवरचं चामड्याचं वायसर वाळलं होतं. छर्रा पुठ्ठ्यात कसाबसा रुतायचा. शहरात गेलो तेव्हा एका दुकानात वायसर बदलायला टाकली. सांगितलं ते इतकंच.

परत घेताना त्यानं माझ्यासमोर घोडा दाबला. कानठळ्या बसल्या आणि नळीतून निळसर धूर आला. 'पाहिला का धूर? पावर वाढवून देली!' आजूबाजूचे चार लोक खूश. मी पैसे देऊन निघालो.

घरी नळी मोडायला दोन्ही हात आणि गुडघा लागला. दहा मीटरवर छर्रे ताटभर जागेत विखुरले. धूर काही दिवसांनी थांबला, जोर मात्र पहिल्यापेक्षा कमी. मग मी ती उघडायचं ठरवलं. या कामात एकच गोष्ट खरी धोक्याची आहे: स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते. मागची पिन काढली की सगळं उसळून तोंडावर येतं. म्हणून सुताराच्या लांब शिकंज्यात सिलिंडर धरला, पिन काढली आणि शिकंजा आट्या-आट्यानं सैल केला. पिस्टन बाहेर आला. चामड्याचं नवं वायसर काळंठिक्कर पडलेलं, कडा जळून तुटलेल्या, आणि आतला भाग मशीनच्या तेलानं अक्षरशः थबथबलेला.

धुराचं कोडं तिथं सुटलं. पिस्टन झपकन पुढं येतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दबून प्रचंड तापते. डिझेल इंजिनात इंधन असंच पेट घेतं. इथं पेटत होतं ते तेल, आणि जळत होतं माझं वायसर. वर जाड तारेची स्प्रिंग कोंबलेली, तिची दोन वेटोळी वाकडी. पिस्टन एवढ्या जोरात आदळतो की छर्रा नळीबाहेर पडायच्या आत बंदूक हलून जाते. मग नेम लागणार कुठून? आणि एवढा जोर हवा तरी कशाला? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटरनं गेला की दहा जूल होतात. कागदावर नेम धरायला तेवढे पुष्कळ झाले.

खरी अडचण पुढं होती. योग्य स्प्रिंग कोणती? तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळी, हे सगळं जुनीवरून मोजता आलं असतं, ती तुटकी असती तरी. ती भंगारात. शेवटी पिस्टनची आतली मापं व्हर्नियरनं घेऊन बारीक तारेची मागवली. लेथवाल्यानं तिच्या आत घट्ट बसेल असा गाइड वळून दिला, त्यानं स्प्रिंगचा झणझणाट गेला. चपला शिवणाऱ्या काकांनी जाड चामडं भिजवून वाटीसारखं दाबून वायसर करून दिलं. ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकंच, पिस्टनच्या पुढं अजिबात नाही. आता नळी एका हातानं मोडते, आणि हातात सैल धरली तर छर्रे रुपयाएवढ्या जागेत जातात.

गावात पहिला प्रश्न आला, 'डुकराले लागते का?' रानडुकरांनी तूर लोळवली की कसा जीव जळतो ते मला माहीत आहे, शेत माझंही आहे. पण या छर्ऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखम चिघळून आठवडे तडफडतं. शिवाय परवानगीशिवाय शिकार करणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पाखरांचंही तेच. ज्याला नुसता कागदावर नेम धरणं पुरत नाही, त्यानं ही बंदूक घेऊच नये.

दुरुस्तीवाल्याला सगळा दोष द्यावा असंही वाटत नाही. गिऱ्हाईक पावरच मागतं, आवाज झाला की खूश होतं. त्या दिवशीचे चार लोक मी पाहिलेत. पण न विचारता स्प्रिंग बदलणं आणि जुनी फेकून देणं, याला माफी नाही. बंदूक कुठंही दुरुस्तीला टाका, टाकतानाच सांगा: काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, पिशवीत घालून परत पाहिजे.