तट बांधला कोणी, राखला कोणी

जुन्या इस्तंबूलला तीन बाजूंनी पाणी आहे. दक्षिणेला मार्मारा समुद्र, पूर्वेला बोस्फोरस आणि उत्तरेला गोल्डन हॉर्नची खाडी. उरली पश्चिम. शत्रू पायी येणार तो तिथूनच. म्हणून समुद्रापासून खाडीपर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटरचा तट घातलेला आहे आणि पडझड सोसून तो बराचसा अजून उभा आहे. याच तटाने हे शहर हजार वर्षं राखलं. आया सोफिया आणि बाजार पाहून झाल्यावर मी सकाळी लवकर निघून हा तट कडेकडेने चालायचं ठरवलं. तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मैत्रिणीने दोन गोष्टी बजावल्या होत्या. समुद्राकडून सुरुवात कर, आणि मधले काही टप्पे निर्मनुष्य आहेत तिथे रेंगाळू नकोस.

मार्माराय लोकल बोगद्यातून उजेडात येते आणि कझ्लीचेश्मेला थांबते. हे स्टेशन तटाच्या बाहेर. शहराकडे थोडं मागे चालत आलं की येदिकुलेचे बुरूज दिसू लागतात. त्याआधी समुद्राकाठी संगमरवराने मढवलेला एकटा बुरूज लागतो, त्याला मेर्मेर कुले म्हणतात. तट आणि हा बुरूज यांच्यामधून किनाऱ्याचा हमरस्ता काढलेला असल्यामुळे तो ताटातूट झाल्यासारखा पलीकडे उभा असतो.

चढाई करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या तटाची रचना नीट कळते. आधी सुमारे 20 मीटर रुंद खंदक. खंदकाच्या आतल्या काठावर छातीइतकी भिंत. मग मोकळी पट्टी, तिच्यामागे आठ-नऊ मीटर उंच बाहेरचा तट. पुन्हा एक मोकळी पट्टी, आणि शेवटी आतला मुख्य तट, सुमारे 12 मीटर उंच आणि पाचेक मीटर जाड, त्यावर 96 बुरूज. आतले आणि बाहेरचे बुरूज एकाआड एक ठेवलेले आहेत, त्यामुळे खंदक ओलांडून आलेला माणूस कुठेही उभा राहिला तरी माऱ्यात येतोच. दोन तटांमधल्या पट्टीत सापडला तर त्याला मागेही जाता येत नाही.

नावाप्रमाणे पाहिलं तर हा तट सम्राट दुसऱ्या थिओडोशियसचा. पण तो गादीवर आला 408 मध्ये, सात वर्षांचा असताना. तट पुरा झाला 413 मध्ये, तेव्हा त्याचं वय बारा. कारभार होता अँथेमियस नावाच्या प्रधानाच्या हाती. कॉन्स्टंटाइनने 330 मध्ये वसवलेलं शहर तोवर जुन्या वेशीबाहेर पसरलं होतं, पश्चिमेकडे रोमन सत्ता डळमळत होती, 410 मध्ये तर गॉथांनी खुद्द रोम लुटलं. अँथेमियसने नवा तट जुन्याच्या बराच बाहेर घातला. आत मळे राहिले, पाण्याचे उघडे तलाव राहिले. वेढा पडला तर आतल्या माणसांना खायला-प्यायला लागेल, हा हिशेब त्यात होता.

येदिकुले म्हणजे सात बुरूज. त्यांपैकी चार मूळच्या तटातले आणि तीन उस्मानी सुलतान मेहमेद दुसऱ्याने मागून आतल्या बाजूला जोडलेले. बायझंटाइन सम्राट विजय मिळवून परतले की ज्या सोनेरी दरवाजातून शहरात शिरत, तो तीन कमानींचा दरवाजा या किल्ल्याच्याच भिंतीत आहे. आता कमानी चिणलेल्या आहेत. किल्ल्यात पुढे खजिना ठेवला गेला, परदेशी वकील कैदेत पडले, आणि 1622 मध्ये तरुण सुलतान उस्मान दुसरा इथेच मारला गेला. मला मात्र यातली एक साधी तारीख महत्त्वाची वाटली. मेहमेदने शहर घेतलं 1453 मध्ये आणि हा किल्ला उभारला 1458 च्या सुमारास. ज्या तटाला त्याने तोफांनी भगदाडं पाडली, त्याचीच दुरुस्ती त्याने शहर हाती येताच सुरू केली.

येदिकुलेहून उत्तरेला निघाले आणि एका ढासळलेल्या बुरुजाशी थांबले. तट आतून कसा आहे ते पाहायला पडका भागच बरा. दोन्ही अंगांना तासलेला चुनखडीचा दगड, पोटात चुन्यात बसवलेले दगडगोटे, आणि ठरावीक उंचीवर विटांचे पट्टे. हे पट्टे शोभेचे नाहीत. ते भिंतीच्या जाडीतून आरपार जातात, दोन्ही अंगं आणि पोट एकमेकांना बांधून ठेवतात. जमीन हलली तर भिंत अंग झाडून टाकत नाही, ती या पट्ट्यांमुळे. विटा चौरस, चपट्या, आणि दोन थरांमधला चुना जवळजवळ विटेइतकाच जाड. बोट फिरवलं तर चुना खरखरीत, गुलाबीसर. त्यात विटेची सुरखी मिसळलेली आहे, आपल्याकडच्या जुन्या बांधकामात असते तशीच. सांध्यांतून अंजिराची झाडं वर आली होती. त्यांची मुळं दगड कशी उकलतात ते तिथेच दिसत होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या तटावर वाढणारी झाडं वरचेवर काढावीत अशी ताकीद आहे. गड बांधणं हे एकदाचं काम नाही, हे ज्यांना रोज गड सांभाळावे लागत त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बेलग्रातकापीजवळ दुरुस्तीचा दुसरा नमुना दिसला. 1980 च्या दशकापासून इथे बुरूज नव्याने उभारले गेले. दगड एकसारखे, कडा धारदार, सांधे सरळ. जागतिक वारसायादीत 1985 मध्ये नाव आल्यानंतरच्या या कामावर अभ्यासकांनी बरीच टीका केली. 1999 च्या भूकंपात या नव्या कामातलेच काही भाग कोसळले.

सिलिव्रीकापीच्या वाटेवर खंदकात शेती आहे. इथल्या मळ्यांना बोस्तान म्हणतात आणि तटाच्या आधाराने भाजीपाला पिकवण्याची रीत शतकानुशतकांची आहे. मे महिना, म्हणजे येदिकुलेच्या प्रसिद्ध सॅलडचा हंगाम. त्याला तिथे मारुल म्हणतात, लांबट पानांचा, गाभ्याशी पिवळा. एक म्हातारे गृहस्थ रबरी बूट घालून वाफ्यांत पाणी सोडत होते. फावड्याने एका पाटाचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं उघडायचं. आपल्याकडे दारं धरतात ना, हुबेहूब तेच. मी बांधावर उभी राहून पाहते आहे म्हटल्यावर त्यांनी ‘आब्ला’ अशी हाक मारली, म्हणजे ताई, आणि एक मारुल उपटून पाण्यात झटकून हातावर ठेवला. पैसे घेईनात. मग मी शेजारची कांद्याची पात आणि मुळ्याची जुडी विकत घेतली, तेव्हा दोघांचंही समाधान झालं.

त्यांची फावडी, पाइप आणि प्लास्टिकचे क्रेट बुरुजाच्या तळघरात ठेवलेले होते. पाहताना गैर वाटावं असं दृश्य, पण कायद्याने पाहिलं तर ते जुनंच आहे. तट पुरा झाला त्याच वर्षी, 413 मध्ये, एक फर्मान निघालं. ज्यांच्या जमिनीतून तट गेला त्यांना बुरूज वापरायची मुभा मिळाली, अट अशी की दरवर्षी दुरुस्ती त्यांनी पाहायची. जमीन गेली, बुरूज मिळाला, आणि त्याबरोबर डागडुजीही गळ्यात पडली. अँथेमियसची हुशारी मला तटाच्या उंचीपेक्षा या फर्मानात जास्त दिसली. 2013 मध्ये यांतल्या काही मळ्यांवर बाग करण्यासाठी बुलडोझर फिरला, तेव्हा शहरातून ओरड झाली. खंदक बुजू न देता वापरात ठेवणारी माणसं या मळ्यांतलीच होती.

सिलिव्रीकापीचा दरवाजा आता मोटारींच्या रहदारीत असतो. इथूनच जुलै 1261 मध्ये बायझंटाइनांची एक छोटी तुकडी रात्री आत शिरली आणि 57 वर्षांनी शहर परत मिळालं. ते गेलं होतं 1204 मध्ये, चौथ्या क्रूसेडच्या स्वारांच्या हाती, तेही खाडीच्या बाजूच्या तटावरून. इकडचा तट तेव्हाही फुटला नव्हता. 626 मध्ये अवार, सातव्या-आठव्या शतकांत अरब, 813 मध्ये बल्गार राजा क्रुम, सगळे शहर न घेताच परत गेले.

पुढचा मेवलानाकापी. या दरवाजावरच्या शिलालेखांत 447 सालची हकीकत आहे. त्या वर्षी मोठा भूकंप झाला, 57 बुरूज पडले, आणि अटिला हूण बाल्कनमध्ये धुमाकूळ घालत होता. कॉन्स्टंटिनस नावाच्या प्रधानाने दोन महिन्यांत तट पुन्हा उभा केला. माणसं आणली ती रथशर्यतींच्या गटांची. निळे आणि हिरवे असे दोन मोठे गट होते आणि एरवी ते एकमेकांची डोकी फोडत. त्यांना तटाचे टप्पे वाटून दिले म्हणतात. लॅटिन आणि ग्रीक अशा दोन भाषांत कोरलेल्या त्या लेखांत नाव सम्राटाचं आणि प्रधानाचं. लॅटिन लेखात तर देवीलाही असा झपाटा जमला नसता, इथवर बढाई आहे. दगड वाहणाऱ्या निळ्या-हिरव्यांची नावं अर्थातच नाहीत.

असे दुरुस्तीचे लेख तटावर ठिकठिकाणी सापडतात. 740 मध्ये पुन्हा भूकंप झाला तेव्हा तिसऱ्या लिओने वेगळीच वाट काढली. त्याने करावर बारावा हिस्सा जादा लावला आणि त्यातून तट नीट केला. तट पूर्ण झाला तरी कर मात्र मागे घेतला गेला नाही, हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटू नये.

तोपकापीला आलं की शांतता संपते. ट्राम, बस, रुंद रस्ते आणि 1453 चा वेढा गोल पडद्यावर दाखवणारं संग्रहालय. शाळेच्या सहली रांगा लावून आत जात होत्या. मी आत फार वेळ घालवला नाही, कारण खरी जागा बाहेर आहे. इथून जमीन खाली उतरते. पूर्वी इथे लिकस नावाचा ओढा शहरात शिरत असे, आता त्या दरीतून वतन रस्ता जातो. उतारामुळे समोरच्या टेकाडावरून तट खाली दिसतो. मेहमेदने आपल्या मोठ्या तोफा इथेच लावल्या. हंगेरीचा कारागीर ओर्बान याने ओतलेली सर्वांत मोठी तोफ आठ मीटर लांब होती, गोळा अर्ध्या टनाच्या पुढचा. ती दिवसाला जेमतेम सात बार काढी, कारण तापलेली नळी निवायला वेळ लागे.

6 एप्रिल ते 29 मे. आत लढणारे सात हजारांच्या आसपास, बाहेर त्यांच्या कितीतरी पट. दिवसभर गोळ्यांनी बाहेरचा तट ढासळायचा आणि रात्री आतली माणसं, बायका-मुलांसह, मातीने भरलेली पिंपं, तुळया, फांद्या, कातडी आणून भगदाड बुजवायची. मऊ मातीच्या त्या कुडात गोळा रुतून बसे, त्यामुळे तो कूड दगडापेक्षा टिकला. सम्राट अकराव्या कॉन्स्टंटाइनकडे पैसा नव्हता. सैनिकांच्या पगारासाठी त्याने चर्चमधली चांदीची भांडी वितळवली. जेनोआचा ज्युस्तिनियानी सातशे माणसं घेऊन याच टप्प्यावर उभा होता. 29 मेच्या पहाटे तो जखमी होऊन मागे गेला, फळी फुटली, सम्राट लढताना मारला गेला. जवळच्या मेट्रो स्टेशनचं नाव उलुबातली. परंपरेप्रमाणे तटावर पहिलं निशाण रोवणारा उस्मानी शिपाई तो.

चढून एदिर्नेकापीला आले. ही तटाची सर्वांत उंच जागा. मेहमेद याच दरवाजाने शहरात शिरला, तशी पाटी लावलेली आहे. शेजारी सिनानने बांधलेली मिहरिमाह सुलतानची मशीद, चारी बाजूंना खिडक्यांच्या रांगा, आत भरपूर उजेड. तिथल्या ओट्यावर बसून मुळे आणि सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, असं जेवण झालं.

इथून पुढे तेकफूर सरायजवळ थिओडोशियसचा तट संपतो. मग हेराक्लियसने 627 नंतर घातलेला, पाचव्या लिओचा, बाराव्या शतकातल्या मॅन्युएल कोम्नेनोसचा असे तुकडे जोडत भिंत आयवानसरायला खाडीपर्यंत उतरते. खंदक नाही, म्हणून भिंत जास्त जाड आणि बुरूज जवळजवळ.

उतारावर एका बुरुजाला परांची बांधलेली होती. डोक्यावर हेल्मेट घातलेली एक तरुण मुलगी घमेल्यातला चुना थापीने तपासत होती. विचारल्यावर तिने इंग्रजीत समजावलं. सिमेंट चालत नाही. नवा चुना जुन्यापेक्षा कडकही चालत नाही, नाहीतर ताण आला की नवा भाग शाबूत राहतो आणि जुना दगड फुटतो. म्हणून चुना आणि सुरखी, बऱ्याच चाचण्या करून. मी विचारलं, हे काम पुरं कधी होणार? तिने परांचीच्या पलीकडे, टेकडीवर चढत गेलेल्या तटाकडे थापी केली आणि म्हणाली, ‘कुठला टप्पा विचारताय?’ तेवढ्यात वरून कोणीतरी आणखी चुना मागितला आणि ती घमेलं उचलून शिडीला लागली.