घाटाचा उतार आणि तिसरा ब्रेक

नाशिक रोडहून इगतपुरीला आम्ही आजवर शेकडो वेळा गेलो असू, पण ते रेल्वेच्या डब्यात बसून. गेल्या डिसेंबरात हीच वाट प्रथमच सायकलने केली. सायकलही साधी नव्हती. दोन सीटची, दोन पायडलजोड्यांची, इंग्रजीत जिला टँडेम म्हणतात ती. पुढे आम्ही आणि मागे आमच्या कचेरीतले टेलिफोन ऑपरेटर. ते जन्मापासून अंध आहेत. वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो.

दादांचे बालपण इगतपुरीच्या रेल्वे चाळीत गेले. वडील गँगमन होते. "भाऊ, एकदा स्वतःच्या पायाने घाट उतरून बघायचाय," असे ते बरेच दिवस म्हणत. पॅरालिम्पिक स्पर्धेत अंध खेळाडू अशाच सायकलवर मागे बसतात आणि पुढे डोळस साथीदार असतो, हे त्यांनीच आम्हाला सांगितले. तसली तयार सायकल आमच्या खिशाला परवडणारी नव्हती. मग ओळखीच्या मिस्त्रीने दोन जुन्या काळ्या सायकलींच्या फ्रेम जोडून एक करून दिली. चाके लोखंडी रिमची आणि ब्रेक जुन्या पद्धतीचे, दांडीचे. दोन्ही ब्रेक पुढच्या हँडलवर होते. मागच्या माणसाला धरायला नुसता दांडा.

पहाटे साडेपाचला निघालो. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे करीत महामार्गाने घोटी गाठली. थंडी चांगलीच होती. दादा मागून एकेक गोष्ट ओळखत होते. भाताच्या गिरण्यांचा आवाज आला तसे म्हणाले, "घोटी आली." डाव्या हाताला दूरवर कळसूबाईचे शिखर दिसत होते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १६४६ मीटर. आम्ही त्याचा आकार शब्दांत सांगितला. दादा म्हणाले, "राहू द्या, वारा कुठून अडतोय त्यावरून डोंगर कळतो."

घोटीला चहा घेताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मागचा ब्रेक ढिला लागत होता. मूठ दाबली तरी पकड उशिरा येत होती. टँडेमची मागची दांडी किंवा तार लांब असते, त्यामुळे तिच्यात ढिलाई लवकर येते, हे आम्हाला पुढे कळले. तेव्हा मात्र मनात आले की हे सांगितले तर दादा परत फिरू म्हणतील आणि त्यांचा हिरमोड होईल. म्हणून आम्ही काहीच बोललो नाही.

इगतपुरीला पोचेपर्यंत साडेदहा झाले. स्टेशनबाहेर वडापाव खाताना दादांनी वडिलांकडून ऐकलेली हकीकत सांगितली. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा घाट १८६५ साली सुरू झाला. इंग्रजी कागदांत त्याला थळ घाट म्हणतात. चढ असा की ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर जायचे. चढताना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात. पण खरा धोका उतरताना. म्हणून उतारावर कॅच सायडिंग ठेवली आहे. ही एक बाजूची लाइन डोंगराच्या चढावर चढवलेली असते. खाली येणारी गाडी अगोदर थांबते. ती ताब्यात आहे अशी खात्री पटली की मगच काटे घाटाच्या लाइनीला लागतात. गाडी सुटलेली असेल तर ती सायडिंगवर चढून आपोआप थांबते. "म्हणजे काय भाऊ, आधी थांबून दाखवा आणि मग उतरा," दादा म्हणाले. आम्ही मान डोलावली आणि सायकलवर टांग मारली. थांबून दाखवले मात्र नाही.

घाट सुरू झाला. मालाचे ट्रक खालच्या गिअरमध्ये घुरघुरत उतरत होते. ट्रकला इंजिनाचा आधार असतो. सायकलला काय आहे? टँडेमचे गणित तर आणखी वेगळे. वजन दोघांचे, पण वाऱ्याला अडणारे अंग जवळपास एकाचेच. त्यामुळे उतारावर ती एकट्याच्या सायकलपेक्षा जास्त वेगाने धावते. आम्ही घाबरून दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले. वाटले, हेच सुरक्षित.

दोन-तीन वळणे झाली असतील. दादा एकदम ओरडले, "भाऊ, थांबवा! रबर जळतंय!"

"ट्रकचा वास असेल दादा."

"ट्रकचा वास वेगळा. हा आपल्या खालचा आहे."

मूठ दाबली. ब्रेक लागतच नव्हता. जोर लावून हात दुखू लागले, पण सायकल पुढेच जात होती. उजवीकडे ट्रक आणि डावीकडे कठडा. नशिबाने पुढे उतार जरा कमी होता. तीसचाळीस मीटर घसटत जाऊन कठड्याला लागून थांबलो. रिमवर बाटलीतले पाणी शिंपडले तर चर्र आवाज झाला. ब्रेकचे रबर वितळल्यासारखे झाले होते. आणखी तापते तर ट्यूब फुटली असती.

गुडघे लटपटत होते. तेव्हा आम्ही दादांना घोटीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या हातात दोन ब्रेक आणि माझ्या हातात नुसता दांडा. निदान ब्रेक ढिला आहे एवढं तरी मला सांगायचं होतं. परत फिरायचं की नाही, ते मीही ठरवलं असतं."

आम्ही वस्तीत सभा घेतो, दुसऱ्याच्या हक्कावर बोलतो. पण त्या दिवशी एका माणसाच्या जिवाचा निर्णय त्याला न विचारता आम्हीच घेतला होता. ही चूक लिहायला लाज वाटते, तरी लिहिली पाहिजे.

उरलेला घाट पायी उतरलो. सायकल हाताने धरून आणि दादांचा हात आमच्या खांद्यावर. कसाऱ्याहून सायकल टेंपोत टाकून घरी आलो.

नंतर जाणत्या मिस्त्रीपाशी बसून समजून घेतले. आम्ही दोघे आणि सायकल मिळून दीडशे किलो. इगतपुरी ते कसारा उंचीचा फरक सुमारे ३०० मीटर. एवढे वजन ब्रेकवर उतरवायचे तर जी उष्णता तयार होते तिच्यात सव्वा-दीड लिटर पाणी उकळेल. वारा त्यातली थोडी घेतो, बाकीची रिमने सोसायची. म्हणून टँडेमला रिमच्या ब्रेकांखेरीज ड्रमचा तिसरा ब्रेक लावतात आणि त्याची मूठ पुष्कळदा मागच्याकडे देतात. मोठ्या चकतीचे डिस्क ब्रेकही चालतात. लोखंडी रिम पावसात ओली झाली की रबर जवळजवळ धरतच नाही. ॲल्युमिनियमची रिम बरी.

आता आमच्या सायकलला नव्या रिम आणि ड्रमचा ब्रेक आहे. त्याची मूठ दादांच्या हातात आहे.

आपल्या घरांतली मुले एका सायकलवर डबलसीट शाळेत जातात. आईबापांनी एवढे करावे. दर रविवारी ब्रेकचे रबर पाहावे. झिजले असेल तर त्याच दिवशी बदलावे, त्याला फार पैसे लागत नाहीत. तार तुटत आली आहे का ते तपासावे. उताराच्या आधी ब्रेक एकदा पूर्ण दाबून थांबून पाहावे. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नये. वळणाआधी वेग कमी करावा, मध्ये सोडावे, आणि रिम तापली तर थांबून थंड होऊ द्यावी. रिमला बोट लावून पाहू नये. आणि मागे बसलेल्याला वास आला, आवाज आला, तर त्याचे ऐकावे.

या डिसेंबरात पुन्हा घाटाला जायचे ठरले आहे. घाटाच्या तोंडाशी आधी थांबून दाखवायचे, मग दादा 'चला' म्हणतील तेव्हाच उतरायचे.