कुरुंदवाडचा पूर आणि फॅक्सचा कागद

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमानजीक वसलेलें कुरुंदवाड १९४८ सालापर्यंत पटवर्धनांच्या संस्थानाचें गांव होतें. घाटावर संताजी घोरपड्यांची समाधि दाखवितात. नदीपलीकडे नरसोबाची वाडी. स्थान रम्य खरें; परंतु पावसाळ्यांत नद्या फुगल्या म्हणजे रस्ते पाण्याखालीं जातात. २००५ व २०१९ सालचे महापूर वाचकांस आठवत असतीलच. महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवसहि नेमके तेच! टपाल अडलें तर विद्यार्थ्याचें वर्ष वायां जाण्याची धास्ती.

१९९० नंतरच्या दशकांत यावर उपाय म्हणजे फॅक्स. कल्पना जुनी, बेन नांवाच्या स्कॉटिश घड्याळजीनें तिचें पेटंट १८४३ सालीं, टेलिफोनच्या पेटंटापूर्वीं ३३ वर्षें, घेतलें होतें. यंत्र कागद ओळीओळीनें वाची, काळ्यापांढऱ्याचे सूर करी व ते तारेवरून पाठवी. पण यंत्र मिळावें कोठें? पिवळ्या पाटीचें टेलिफोन-केंद्र, एखादी पेढी, कारखान्याची कचेरी आणि शेवटीं एस्. टी. नें जयसिंगपूर वा कोल्हापूर, अशी ही यात्रा असे. तीहि रस्ता उघडा असेल तरच! शहाणा विद्यार्थी ठळक काळ्या शाईनें लिही, पोंच जपून ठेवी आणि पलीकडच्यास लगेच प्रत काढण्यास विनवी. कारण उष्णतेनें उमटणारीं तीं अक्षरें कालांतरानें पुसट होत.

२०१३ सालीं सरकारी तारहि बंद झाली. आतां खिशांतला फोन क्षणांत छायाचित्र धाडतो. पूर मात्र येतोच, आणि वीज गेली कीं फोनहि मुका होतो. म्हणून गुणपत्रिकांच्या प्रती आषाढापूर्वींच परगांवच्या आप्तांकडे ठेवाव्या, हें बरें.