अक्कांची अक्षरे

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या अण्णांचा संगणक गेल्या पावसाळ्यात बंद पडला. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्या ओढाताणीत मदरबोर्ड जळाला. त्या जातीचा बोर्ड बाजारात मिळेना. नवा घ्यावा तर जुना प्रोसेसर त्यावर बसत नव्हता आणि जुनी रॅमही चालत नव्हती. पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातवाने तिन्ही वस्तूंची यादी करून दिली. अण्णांचा जन्म हळदीच्या अडतीत गेलेला. यादी वाचून ते म्हणाले, "म्हणजे पेटी तेवढी जुनी राहिली म्हणायची."

हार्ड डिस्कही जुनीच राहिली होती, आणि घराचा जीव तिच्यातच अडकला होता. अण्णांच्या दिवंगत पत्नी अक्का यांनी अखेरच्या सात-आठ वर्षांत घराण्याची वंशावळ टंकित केली होती. वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. अक्कांनी लेकींची नावे मिळवली. कोण कोणत्या गावी दिली, तिच्या लेकी पुढे कुठे गेल्या, हे म्हाताऱ्या बायकांजवळ बसून विचारून घेतले. ज्या घरात हिशेबाच्या वह्यांची नक्कल ठेवण्याचा रिवाज, त्या घरात याची मात्र दुसरी प्रत नव्हती.

नव्या बोर्डावर जुने विंडोज कधी कधी तसेच चालते. येथे चालले नाही. पडदा निळा होई आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. विंडोज नव्याने घालणे आले. दुकानदाराचे मत पडले की डिस्क सरसकट पुसून टाकावी. अण्णांनी साफ नकार दिला. डिस्क काढून नातवाच्या लॅपटॉपला जोडली, अक्कांचा फोल्डर उतरवून घेतला, आणि मगच कामाला हात घातला. विंडोज घालतानाही नातवाने जुना विभाग पुसला नाही. अशा वेळी जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात बाजूला ठेवली जाते. ती तेथे कायम राहत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

परवान्याचा प्रश्न निघाला तेव्हा अण्णा चकित झाले. संगणकाबरोबर तयार आलेल्या विंडोजचा परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला होता.

"पैसे मी दिले, आणि हक्क त्या जळक्या पाटीबरोबर गेला?"

"हो अण्णा. फुकटचं घालून देणारे आहेत पुष्कळ."

"तसलं घरात नको."

नवा परवाना विकत घेतला गेला. व्यापाऱ्याला हा सौदा पटला नाही, पण त्याने तो पाळला.

रात्री वंशावळीची फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन गर्दी! अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला व पुन्हा लावला. फाइल बिघडली, असेच त्यांना वाटले असणार.

ती बिघडली नव्हती. अक्का टंकन करीत तो युनिकोडपूर्व काळातला विकतचा फॉन्ट होता. अशा फॉन्टमध्ये फाइलीत साठतात ती इंग्रजीचीच चिन्हे. फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. आणि फॉन्ट अक्कांच्या फोल्डरात नव्हे, विंडोजच्या फोल्डरात राहतो. नव्या विंडोजमध्ये तो कोठून असणार? नातवाने ‘विंडोज डॉट ओल्ड’ उघडले. तेथे फॉन्टच्या फोल्डरात तो सापडला. डिस्क पुसली असती, तर फाइल हाती राहूनही वाचता आली नसती. फॉन्टची सीडी घरातून केव्हाच गहाळ झाली होती.

फॉन्ट बसवताच पान मराठी झाले. अण्णांनी सावकाश वाचत आपल्या मोठ्या चुलत बहिणीचे नाव शोधले. तिच्या थोरल्या लेकीपुढे जागा कोरी होती, आणि अक्कांनी कंसात लिहिले होते, ‘विचारायचे आहे’.

नातू फाइलीच्या तीन प्रती काढीत होता, तेवढ्यात अण्णांनी इचलकरंजीला फोन लावला.