चौरंग घेऊन सावंतवाडीस

प्रवासास निघतांना लोक बरोबर वळकटी, फराळाचा डबा व पाण्याचा तांब्या घेतात; आम्हीं गेल्या मार्गशीर्षांत सावंतवाडीस जातांना एक चौरंग घेतला. कोल्हापूरच्या स्थानकावर एस. टी.च्या वाहकानें त्याकडे व आमच्याकडे आळीपाळीनें पाहून, “आजोबा, हा कुणाच्या लग्नाचा?” असें विचारलें. लग्नाचा नव्हे, मुंजीचा. आणि तीही आमच्या वडिलांच्या. चौरंगाच्या पाठीवर बोरूनें ‘शके १८६०’ असें लिहिलेलें आहे, म्हणजे इसवी सन १९३८. आमच्या आजोबांनीं तो त्या वर्षीं सावंतवाडीहून करवून आणिला होता. आतां त्याच गांवीं तो परत चालला होता, आणि सोबतीस आमची नात होती. ती चित्रकला शिकते, म्हणून आमच्यापेक्षां तिचाच उत्साह अधिक.

हा उपद्व्याप करण्याचें कारण असें. आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं सदनिका बांधावयाचें ठरलें. आम्ही तिघे बंधू. पलंग, कपाटें, भांडीं यांची वांटणी एका दुपारीं निर्वेध पार पडली, कारण तीं फारशीं कोणासच हवीं नव्हतीं. चौरंग मात्र तिघांसही हवा होता, कारण दर भाद्रपदांत गणपति त्यावरच बसे. शेवटीं तो धाकट्या बंधूंकडे जावा व गणपतीस सर्वांनीं तेथें जमावें, असें ठरलें. त्यांच्या नव्या घरांतील सारें सामान सागवानी रंगाचें. त्यांत हा विटका, पोपडे आलेला चौरंग विशोभित दिसेल म्हणून एका पॉलिशवाल्यास बोलावणें झालें. त्याचें नांव देण्याचें कारण नाहीं. त्यानें सांगितल्यापरतें अधिक कांहीं केलें नाहीं. एक पाय तासून, पॉलिश-कागदानें घासून व स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचा बोळा फिरवून त्यानें तो आरशासारखा केला. सायंकाळीं आम्ही सहज तेथें गेलों, तों फरशीवर तांबडी धूळ पडलेली आणि बंधूंचा लहान नातू तींत बोटानें रेघा ओढीत बसलेला! आम्हीं पोराचे हात धुवविले, चौरंग बगलेंत मारला व घरीं आलों. त्या रात्रीं बंधूंचें व आमचें बोलणें चांगलें झालें नाहीं.

त्या धुळीविषयीं येथेंच सांगितलेलें बरें. जुन्या चित्रकामांत तांबड्यास हिंगूळ, पिवळ्यास हरताळ व पांढऱ्यास सफेदा वापरण्याची चाल होती. हिंगुळांत पारा असतो, हरताळांत आर्सेनिक आणि सफेद्यांत शिसें. लांकडावर बसून आहेत तोंवर हीं द्रव्यें कोणाचें फारसें वांकडें करीत नाहींत. परंतु कोरडें घासून त्यांची धूळ केली कीं ती श्वासावाटे व बोटांवाटे पोटांत जाते. ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत, त्या घरांत जुना रंग कोरडा घासूं नये, हें आम्ही सर्व गृहिणींस आग्रहानें सांगतों.

असो. आजरा मागें टाकून गाडी आंबोलीच्या घाटास लागली, तेव्हां नातीनें चौरंग मांडीवर घेतला. घाट उतरतांच हवा बदलते. अंगावरील शाल नकोशी होते व माडांच्या झावळ्या दिसूं लागतात. १९९८ पासून कोंकण रेल्वे चालू झाली, तरी तिचें स्थानक गांवापासून दूर आहे, आणि घाटावरून येणारास एस. टी.च सोयीची. गांवाच्या मध्यभागीं मोती तलाव, त्याच्या कांठीं भोसले घराण्याचा राजवाडा, आणि जवळच ती प्रसिद्ध चितार आळी. दुकानांत लांकडाचे आंबे, केळीं, सीताफळें व मिरच्या टोपल्यांतून अशा मांडलेल्या असतात कीं, नवख्या माणसानें भाव विचारण्यापूर्वीं वास घेऊन पाहावा. खेळण्यांस पांगाऱ्यासारखें हलकें लांकूड चालतें. पाट-चौरंगांस मात्र अंगाचें भक्कम लांकूड लागतें.

ज्या कारागिराकडे आम्ही गेलों, ते वयानें आमच्याहून थोडे लहान असतील. त्यांनीं चौरंग हातीं घेतला, उन्हाकडे तिरपा धरला, पालथा केला, आणि तासलेल्या पायाकडे ढुंकूनही न पाहतां विचारलें, “मास्तरांनू, हो चवरंग कोणी धुतल्यान?”

या प्रश्नाची आम्हांस मुळींच अपेक्षा नव्हती. पॉलिशवाल्याची तक्रार घेऊन आम्ही आलों होतों; आणि चौरंग धूत होतों आम्ही स्वतः! मौंज झाल्यापासून गणपतीच्या आदल्या दिवशींचें तें काम आमचें. तेलाचे व कुंकवाचे डाग निघावे म्हणून ऊन पाण्यांत धुण्याचा सोडा घालून, नारळाच्या काथ्यानें खसखसां घासण्याचा परिपाठ आम्हीं चाळीसांहून अधिक वर्षें मोठ्या निष्ठेनें पाळिला होता. शाळेंतही आमची स्वच्छतेविषयीं ख्याति होती.

कारागिरांनीं पाय फळींतून सोडविला. सांध्याच्या आंत, जेथें पाणी पोंचलें नव्हतें, तेथें रंग असा तांबडालाल होता कीं नातीच्या तोंडून “अहाहा!” निघालें. फळीच्या कडेवर मात्र फिकट ओघळ होते, पाणी जसें निथळत गेलें तसे. हाताच्या घर्षणानें रंग गेला असता तर तो धरण्याच्या जागीं गेला असता. मग त्यांनीं पाठीवर एका कोपऱ्यांत स्पिरिटाचा थेंब लावलेला कापूस टेंकला. कापूस चिकट व तपकिरी झाला. म्हणजे वरचें लुकण लाखेचें.

लाख ही कुसुंब, पळस, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याची राळ होय. संस्कृतांतील लाक्षा ती हीच. वारणावतांत पांडवांसाठीं जें घर बांधिलें होतें, त्यांत हिचाच उपयोग केला होता. साध्या पाण्यानें ही विरघळत नाहीं, परंतु स्पिरिटानें विरघळते. आणि सोडा, टांकणखार अशा क्षारांच्या पाण्यानेंही विरघळते. तिच्याखालीं चिंचोक्याच्या खळींत कालविलेल्या खडूचा थर, व त्यावर रंगकाम. लाख हें या रंगाचें पांघरूण. तें दर वर्षीं थोडें थोडें आम्हींच ओढून काढलें, आणि उघड्या पडलेल्या रंगास ऊन पाण्यानें आंघोळ घातली. पॉलिशवाल्यानें एक पाय एका दुपारींत घालविला. उरलेल्या चौरंगाचें काम आम्हीं सावकाश चालविलें होतें.

“मग हा सगळाच तासून नवा करूं या कां?” असें आम्हीं कांहींसें ओशाळून विचारलें. त्यांनीं मान हलविली. “जा रवला, ता रवांदे.” जें राहिलें आहे तें राहूं द्यावें.

त्यामुळें एका दिवसाचा मुक्काम चार दिवसांचा झाला. पहिला दिवस केवळ सुटलेले पोपडे पातळ खळीनें परत बसविण्यांत गेला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हांस रिकामपण मिळालें, तेव्हां राजवाडा पाहिला. तेथील दालनांत कारागीर गंजिफा रंगवीत होते. दशावतारी गंजिफेचे दहा अवतारांचे दहा हुकूम व प्रत्येकाचीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. चिंचोक्याची खळ व खडू यांची पूर्वतयारी तीच. ही कला लयास जात असतां राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध चितारी कारागिराकडून ती समजून घेतली व वाड्यांतच काम सुरू करविलें. राजानें स्वतः कुंचला हातीं धरणें, ही गोष्ट आम्हांस त्या संस्थानाच्या कोणत्याही लढाईपेक्षां मोठी वाटते.

तिसऱ्या दिवशीं वेलबुट्टीचा प्रश्न आला. फळीच्या कडेनें कमळांची वेल आहे. तींतील सात फुलें पार गेलीं होतीं. नातीनें सुचविलें कीं, जाड कागदांत फुलाचा आकार कोरून छाप करावा व सातही फुलें त्यांतून उठवावीं. आपल्याकडे रांगोळीस पत्र्याचे छापे असतातच. त्यांतलाच हा प्रकार. कारागिरांनीं तिला जुनीं फुलें मोजावयास लाविलीं. एकही फूल दुसऱ्यासारखें नव्हतें. कोठें पाकळी वांकडी, कोठें देठ आंखूड. अशा हाताच्या ओळींत छापाचें फूल म्हणजे हस्तलिखित पोथींत मध्येंच छापील अक्षर. तीं सात फुलें त्यांनीं हातानेंच काढलीं, आणि मुद्दाम किंचित् फिकीं ठेविलीं.

परंतु तासलेल्या पायावर जुनें कांहींच उरलें नव्हतें. तेथें छापास त्यांनीं आनंदानें अनुमति दिली, आणि तें काम नातीस दिलें. पायावरचें पॉलिश स्पिरिटाच्या फडक्यानें पुसून काढलें. खडूचा थर देऊन, वाळल्यावर गुळगुळीत दगडानें घोटून तांबडा रंग दिला. शेजारच्या पायावरील वेल पातळ कागदावर उतरून घेऊन तेल पाजलेल्या जाड कागदांत कोरली. कोरतांना आंतले तुकडे गळूं नयेत म्हणून मध्यें बारीक दुवे ठेवावे लागतात. कुंचल्यांत रंग इतका थोडा घ्यावा कीं तो जवळजवळ कोरडा वाटावा, व कुंचला उभा धरून टिपावा. ओढला कीं रंग कागदाखालीं शिरतो. पहिली वेल तशीच बिघडली. दुसरी साधली. दुव्यांच्या जागीं राहिलेल्या फटी तिला बुजवावयाच्या होत्या. कारागिरांनीं तशाच ठेवावयास सांगितलें, म्हणजे हा पाय मागाहूनचा आहे हें पुढें पाहणारास कळेल.

शेवटचें लुकण चौथ्या दिवशीं ऊन चढल्यावर दिलें. हवेंत ओल असतां लाख लाविली तर ती पांढुरकी होते. म्हणून पावसाळ्यांत हें काम घेऊं नये. ऊन भांडें ठेविल्यानें उठणारा पांढरा डागही त्याच जातीचा. आणखी एक सूचना त्यांनीं निघतांना केली: घरीं कधीं जवसाच्या तेलाचें काम केलें, तर तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकूं नये, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

परत आल्यावर चौरंग सरळ धाकट्या बंधूंकडे नेला. भावजयीनें तो चोहोंबाजूंनीं पाहून, “चार दिवस राहून इतकाच रंग?” असें विचारलें, तें खरेंही होतें. दोन हात दूरून पाहिलें तर चौरंग पूर्वीइतकाच जुना दिसतो. बंधु कांहीं बोलले नाहींत. ते खालीं बसले, नातीनें रंगविलेल्या पायावरून त्यांनीं हात फिरविला, मग फळीच्या कडेवरील फिकट ओघळांवर बोट ठेवलें.

“हे त्या पॉलिशवाल्याचेच ना, दादा?”

“नव्हे,” आम्हीं म्हटलें, “ते माझे.”