‘सॅड’ म्हणजे नेमकं काय?

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि आमचा बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आमच्या घरी शाळा-बाजार हिंदीत, स्वयंपाकघर मराठीत आणि माझी नोकरी इंग्रजीत. एरवी हे छान जमतं. अडचण होते ती वाईट वाटतं तेव्हा. मुलं सगळ्यालाच ‘सॅड’ म्हणतात.

इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दाचा वाटा ठरलेला आहे. ‘सॅड’ म्हणजे मन उदास. ऑफिसात ‘क्लायंट अनहॅपी आहे’ म्हटलं, तर तो रडत बसलेला नसतो; काम त्याच्या मनासारखं झालेलं नसतं. आपला ‘नाराज’ तिथे चपखल बसतो. ‘अपसेट’चा एक अर्थच उलथलेलं. आणि ‘डिसअपॉइंटेड’ व्हायला आधी अपेक्षा लागते. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ नेमलेल्या पदावरून काढणं असा होता. शिवाय ‘विथ द रिझल्ट’ म्हटलं तर रोख निकालावर, ‘इन यू’ म्हटलं तर थेट माणसावर.

गेल्या वर्षी पुतण्याचा जेईईचा निकाल मनासारखा लागला नाही. दादाने फॅमिली ग्रुपवर दोनच शब्द लिहिले, ‘व्हेरी डिसअपॉइंटेड’. त्याला निकालाचं वाईट वाटलं होतं. पोराने त्यापुढे ‘इन यू’ वाचलं. रात्री मला म्हणाला, “काका, आय ॲम अ डिसअपॉइंटमेंट.”

घटनेचा शब्द माणसाला चिकटला होता. आईला हे सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, “पोराचा हिरमोड झालाय. आधी त्याला जेवायला वाढा.”

तेव्हा लक्षात आलं, माणसाचा हिरमोड होतो. माणूस कधी हिरमोड नसतो. वाईट वाटतं, हुरहुर लागते, रुखरुख राहते, चुटपुट लागते. आपल्या भाषेत ही दुःखं बहुतेक वेळा पाहुण्यासारखी येतात आणि जातातही. दुसऱ्या दिवशी दादाला हे समजावलं. तो स्वतः पोराशी मराठीत बोलला, तेव्हा कुठे घरातला ताण सैल झाला.

आता कुणी ‘सॅड’ म्हटलं की मी विचारतो, नाराज आहेस, हिरमोड झालाय, की कसली खंत आहे? कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. हिरमोड चार दिवसांत ओसरतो, नाराजी बोलून मिटते. खंत असेल, तर मात्र शेजारी बसावं लागतं.